बखरीतली दुरुस्ती

शार्का मिकेस्कोवा त्या दिवशी कचेरीत गेली होती कुत्र्याची नोंद करायला, आणि बाहेर आली ती डोक्यात आग घेऊन. कुत्र्याची नोंद राहिलीच.

झालं होतं असं. वर्बोवा गावची बखर दर साली लिहितात, आणि गेल्या सालाचा मजकूर पक्का होण्याआधी महिनाभर कचेरीतल्या टेबलावर उघडा ठेवतात. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं. वाचतं कोण, माझं कपाळ! लोक येतात, आपलं नाव नीट आलंय ना एवढं बघतात आणि जातात. शार्कानंही आपलं नाव शोधलं. पंधरा वर्षं ती देशोदेशी टेनिस खेळत हिंडली होती. गेल्या वर्षी पानगळीच्या सुमाराला, चौतिसाव्या वर्षी तिनं रॅकेट खाली ठेवली. गावानं दोन ओळी लिहिल्या असतील एवढी आशा तिला होतीच. दोन कसल्या, चांगलं अर्धं पान होतं, दोहनालोवा बाईंच्या वळणदार अक्षरात.

'आपल्या गावची कन्या शार्का मिकेस्कोवा हिने व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती घेतली. जागतिक क्रमवारीत तिने एकाहत्तरावा क्रमांक गाठला होता. तिला घडवण्याचे श्रेय सर्वस्वी प्रशिक्षक अलोइस काद्लेत्स यांचे. पहिल्या दहांत जाण्याची गुणवत्ता तिच्यापाशी होती. परंतु निर्णायक क्षणी मन कच्चे पडत असल्याने सर्व्हिस तिला दगा देत राहिली.'

मन कच्चे!

शार्कानं ते वाक्य तीनदा वाचलं. खिडकीपलीकडची कारकून बाई म्हणाली, "छान लिहिलंय ना बाईंनी?" शार्का म्हणाली, "हो, फारच." आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

मन कच्चं म्हणे! अरे, मन कच्चं असतं तर ती पंधरा वर्षं टिकली असती का? कुठल्या कुठल्या गावांत, जिथं प्रेक्षक म्हणून चार म्हातारे आणि एक झोपलेला पंच, तिथं पात्रता फेऱ्या खेळली असती? एकटीनं बस पकडायची, एकटीनं हॉटेलच्या बेसिनमध्ये कपडे धुवायचे, पहाटे उठून सरावाला मैदान मिळतंय का म्हणून हात जोडायचे. चार वेळा डॉक्टरांनी खांदा उघडला तिचा, चार वेळा! आणि चारही वेळा ती परत आली. कच्च्या मनाची माणसं पहिल्या वेळेलाच घरी बसतात आणि केक भाजायला लागतात.

खरी गोष्ट खांद्याचीच होती. चोविसाव्या वर्षी ब्रनोच्या डॉक्टरनं पहिल्यांदा तो उघडला, तेव्हा शुद्धीवर आल्यावर तिला विचारलं, "यावर तुला खेळू कुणी दिलं?" तो म्हणाला, ही फाट जुनी आहे, सोळा-सतराव्या वर्षातली. तेव्हा तीन महिने हात गळ्यात बांधून ठेवला असता तर आपोआप भरली असती. शार्काला साल आठवावं लागलं नाही. दोन हजार चार, जूनमधला शनिवार-रविवार, क्लबच्या मुलींच्या संघाला वरच्या गटात चढायचं होतं. सोळा वर्षांच्या शार्कानं दोन दिवसांत पाच सामने खेळले होते. पाचही जिंकले. संध्याकाळी गावानं सॉसेज भाजली, बिअरचं पिंप फोडलं, आणि तिला जेवताना काटा डाव्या हातात धरावा लागला.

त्यानंतर तिची सर्व्हिस कधीच पहिल्यासारखी झाली नाही. जी पूर्वी सुसाट जायची ती आता टप्पा घेऊन समोरच्या पोरीच्या हातात अलगद पडायची. पॅरिसला तिसऱ्या फेरीत तिचे अकरा डबल फॉल्ट झाले. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, दडपण. गावच्या गुत्त्यात लोक म्हणाले, आपल्या शार्काला मोठ्या मॅचला थंडी भरते. तिनं ऐकून घेतलं. दुखतंय म्हणून सांगत फिरणं तिला आवडत नसे. पण आता तेच बखरीत? म्हणजे ती मेल्यावर शंभर वर्षांनी कुणी पोर उघडून वाचणार, आणि त्याला कळणार काय, तर मन कच्चं!

ती तडक बाईंच्या घरी गेली.

दोहनालोवा बाईंनी तिला पहिलीपासून तिसरीपर्यंत शिकवलं होतं. आता पंच्याहत्तरी उलटली होती. त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या.

"बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ये, बस आधी. पायताण काढ." बाईंनी सुरी खाली ठेवली. "काद्लेत्स सरांनी सांगितलं. मला टेनिसमधलं काय कळतं?"

"आणि मला विचारावंसं वाटलं नाही?"

"तू कुठे असतेस काय असतेस. ते इथेच असतात."

"फोन नावाची वस्तू असते, बाई!"

"ओरडू नकोस. माझ्या घरात कुणी ओरडत नाही." बाईंनी हात पुसले आणि तिच्यासमोर बसल्या. मग शार्कानं सगळं सांगितलं. जून महिना, पाच सामने, खांदा, गोळ्या. बाईंनी ते ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "गोळ्या कुणी दिल्या?"

"सर म्हणाले, खेळायचंच."

"मी गोळ्यांचं विचारतेय."

शार्कानं सोललेला एक बटाटा उचलून परत ठेवला. "सरांनीच."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. गणिताचं उत्तर शेजारणीच्या वहीतून उतरवलं की त्या असंच बघायच्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण मी माझ्या मनानं एक अक्षर बदलणार नाही. सत्तरच्या सालात वरून सांगतील तसं लिहिलं या हातानं. एकोणनव्वदला कम्युनिस्ट गेल्यावर तीच पानं याच हातानं परत लिहिली. आता तिसऱ्यांदा कुणी येऊन सांगितलं म्हणून मी लिहिणार नाही, तू असलीस तरी. कायदा आहे ना? गावातल्या कुणालाही दुरुस्ती मागता येते. अर्ज कर. पंचायत ठरवेल, मी लिहीन."

अर्ज तिनं त्याच संध्याकाळी लिहिला. 'मन कच्चे' हे वाक्य काढावे आणि त्याजागी घालावे: 'जून २००४मध्ये खांद्याला दुखापत झालेली असताना प्रशिक्षक काद्लेत्स यांनी गोळ्या देऊन तिला दोन दिवसांत पाच सामने खेळायला लावले. तिची सर्व्हिस त्यामुळे बिघडली.'

खोटं होतं ते, एका शब्दापुरतं. गोळ्या काद्लेत्सनं दिल्या नव्हत्या. मैदानालगतच्या बाकावर, थर्मासमधल्या चहाबरोबर, त्या तिच्या तळहातावर ठेवल्या होत्या बोहुमिलनं, तिच्या बापानं. सर्दीची गोळी आहे, अंग गरम राहतं, असं म्हणून. शार्काला कळायला लागल्यावर कळलं होतं त्या दुखणं दाबायच्या गोळ्या होत्या ते. पण तिनं स्वतःची समजूत घातली होती: बाबा बिचारे दूधडेअरीचा टँकर चालवायचे, त्यांना काय कळणार, सरांनी सांगितलं तसं केलं. बापावर राग धरून माणूस जेवणार कुणाबरोबर? काद्लेत्सवर राग धरणं सोपं होतं. तो आजही तेव्हासारखाच ट्रॅकसूट घालून मैदानावर उभा असायचा, आठ-दहा वर्षांच्या पोरींवर खेकसत.

बोहुमिलनं अर्ज वाचला तो जेवताना. काळ्या पावावर डुकराची चरबी लावून वर कांदा पसरला होता, त्याचा घास तोंडात तसाच राहिला. मग त्यानं तो गिळला.

"बरं लिहिलंयस," तो म्हणाला.

"तुम्ही पंचायतीत आहात. हात वर कराल ना?"

"करीन की. न करायला काय झालं?"

तिला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं. बापाच्या पावावर तिनंच आणखी मीठ भुरभुरलं.

बैठक अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती, शुक्रवारी पाच वाजता. एरवी चार माणसं येतात, त्यातली दोन ऊब मिळते म्हणून. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. टेबलामागे नऊ सदस्य, मधोमध सरपंच शेबेला, कडेला दोहनालोवा बाई कागद घेऊन. पहिल्या रांगेत काद्लेत्स, ट्रॅकसूट कडक इस्त्रीचा. गटारावर तासभर घोळ झाला, लिंडनच्या झाडांवर अर्धा तास, आणि मग शेबेलानं अर्ज वाचून दाखवला आणि कपाळ पुसलं.

"शार्के, हे काय काढलंस गं मध्येच? एकोणीस वर्षं झाली."

"माझ्या खांद्याला एकोणीस वर्षं झालेली कळत नाहीत. तो रोज सकाळी नव्यानं दुखतो."

"पण बखरीत असलं कुणी लिहितं? बखर म्हणजे कसं, गावाची शोभा."

"शोभेला कुंड्या ठेवा," शार्का म्हणाली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

खाटकीण ओन्द्रुशकोवा, टेबलाच्या टोकाला बसलेली, हळूच म्हणाली, "खरं सांगायचं तर त्या दिवशी आपण सगळेच होतो. मीच सॉसेज भाजली. पोर हात दाबत होती, मला दिसत होतं."

"दिसत होतं ना?" शार्का तिच्याकडे वळली. "मग बोलला का नाहीत?"

"आपण जिंकत होतो ना गं," ओन्द्रुशकोवा म्हणाली, आणि तिचा चेहरा लाल झाला.

तेवढ्यात काद्लेत्स उठला. सत्तरीचा असला तरी ताठ. तो शार्काकडे बघतच नव्हता, टेबलाकडे बघत होता.

"मी खेळवलं म्हणा, मान्य आहे. लाज नाही मला. आमच्या वेळी खेळायचेच. पण गोळ्या मी दिल्या? मी? बोहुमिल, बोल की. जीभ गिळलीस का?"

 बोहुमिलसमोर पाण्याचा ग्लास होता, तो त्यानं थोडा डावीकडे सरकवला.

"नाही बोलत? मग मी बोलतो," काद्लेत्सचा आवाज चढला. "शुक्रवारी दुपारी हा माझ्याकडे आला, सामन्यांच्या आदल्या दिवशी. खिशात डॉक्टरचा कागद. तीन महिने खेळ बंद, असा चक्क शिक्का मारून लिहिलेलं. मी म्हटलं, झालं मग, दुसरी मुलगी खेळवतो. तर हाच म्हणाला, अलोइस, हा कागद सोमवारी आला असं समज. रविवारी निवड समितीची माणसं येणार होती ना बघायला! याची मुलगी त्यांना दिसायला हवी होती. आणि आता सगळं बिल माझ्या नावावर फाडता?"

 शार्का बापाकडे वळली.

"बाबा?" ती म्हणाली. "कागद होता?"

बोहुमिल टेबलाकडे बघत होता.

"बाबा, मी विचारतेय. तीन महिने लिहिलेला कागद होता?"

"होता."

"मला म्हणालात, डॉक्टर म्हणतायत नुसता मुका मार आहे."

"वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मग बसशील घरी." त्यानं मान वर केली. "तुझी निवड झाली ना पण? झाली की नाही?"

असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. काद्लेत्सवरचा राग म्हणजे यापुढे पोरखेळ. एवढी वर्षं एकाच माणसाला शिव्या घालत आली ती. प्रत्येक शस्त्रक्रियेच्या आधी, प्रत्येक डबल फॉल्टनंतर. आणि दर वेळी हॉस्पिटलमध्ये खुर्चीवर बसून तिला सूप भरवत होता कोण? हा. 'काय नशीब गं पोरीचं' म्हणत डोळे पुसत होता कोण? हाच! आणि परवा तिचा अर्ज वाचून 'बरं लिहिलंयस' म्हणाला. बरंच वाटणार की त्याला! दुसऱ्याच्या गळ्यात मेलेलं मांजर बांधलेलं कुणाला बरं वाटत नाही?

काद्लेत्स खाली बसत होता, समाधानानं. शार्का त्याच्यावर कडाडली.

"तुम्ही कशाला फुगताय? कागद तुम्ही बघितलात! बघून खेळवलंत! दोघांनी मिळून माझा खांदा खाल्लात, आणि वर बाईंना सांगता, पोरगी मनानं कच्ची?"



शेबेलानं सुटकेचा श्वास टाकला. "बघ शार्के, आता हे झालं घरचं. घरचं भांडण घरी मिटवावं. अर्ज मागे घे, बाई ते मनाचं वाक्य गाळतील, विषय संपला. काय बाई?"

"मी विषय संपवत नाही," दोहनालोवा बाई म्हणाल्या. "मी लिहिते. शार्का, तुझ्या अर्जात लिहिलेलं खरं नव्हतं."

"नव्हतं, बाई. गोळ्यांचं मला माहीत होतं. कागदाचं नव्हतं." ती टेबलापाशी गेली.  "अर्ज मागे घेत नाही. बदलते. लिहून घ्या. 'जून दोन हजार चारमध्ये डॉक्टरांनी तीन महिने खेळ बंद करण्यास सांगितले होते. वडील बोहुमिल मिकेस्का आणि प्रशिक्षक अलोइस काद्लेत्स यांनी तो कागद लपवला. वडिलांनी गोळ्या दिल्या, प्रशिक्षकांनी खेळवले, गावाने टाळ्या वाजवल्या.' एवढंच. पुढं माझ्या क्रमांकाचं राहू द्या."

"गावाने टाळ्या?" शेबेला म्हणाला. "अगं, हे जरा जास्तच होतंय."

"वाजवल्या नव्हत्या का? तू तर ढोल आणला होतास."

शेबेलानं ढोलाचा विषय वाढवला नाही. ठराव मताला टाकला. बाजूनं चार हात वर झाले. ओन्द्रुशकोवाचा सगळ्यांत आधी. विरुद्ध चार, त्यात शेबेलाचा. राहिला बोहुमिल. पाच मतं मिळाल्याशिवाय ठराव होत नाही, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"बोहुमिल, तुझं नाव आहे त्यात," शेबेला म्हणाला, खूप प्रेमानं. "तू गप्प बसलास तरी कुणी काही म्हणणार नाही. तटस्थ. कायद्यात बसतं."

बोहुमिलनं बाईंकडे बघितलं. "हे कायमचं राहतं ना?"

"कायमचं," बाई म्हणाल्या. "मी गेल्यावरसुद्धा."

"पोरीची पोरं वाचतील."

"वाचायला शिकली तर वाचतील."

शार्का त्याच्यासमोर उभी होती, चार हातांच्या अंतरावर. तिनं विनवलं नाही. विनवायचं काय त्यात? त्यानं हात वर केला नाही तर 'मन कच्चे' तसंच राहणार, आणि या जन्मात ती त्याच्या घराची पायरी चढणार नव्हती. केला तर? तरी चढेल की नाही ते तिला माहीत नव्हतं. तिला फक्त ते वाक्य हवं होतं. तिच्या खांद्याबद्दल या गावात एकदा खरं लिहिलं जायला हवं होतं.

बोहुमिलचं कोपर टेबलावरच राहिलं. पंजा तेवढा कानापर्यंत गेला.

"हे मत आहे," शेबेला म्हणाला, "की डोकं खाजवतोयस?"

दोघं-तिघं हसले. शार्का हसली नाही.

"नीट वर करा, बाबा," ती म्हणाली. "सरळ. तुमचा खांदा शाबूत आहे."

मग कुणी हसलं नाही. बोहुमिलनं कोपर उचललं आणि हात सरळ वर केला, शाळेतल्या पोरासारखा, पार ताणून. त्याच्या बगलेत सदऱ्याला घामाचा मोठा डाग पडला होता.

"पाच," शेबेला पुटपुटला.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, कागद सरळ केला आणि तारखेपासून सुरुवात केली. बोहुमिलचा हात थोडा हलला.

"खाली घेऊ?" त्यानं विचारलं.

"बाईंचं लिहून होईपर्यंत नाही," शार्का म्हणाली.

आणि दोहनालोवा बाईंनी आयुष्यात कधी घाईनं लिहिलं नव्हतं.